हायवेकाठच्या वस्तीची तब्येत आधी का मोजायची?

पुण्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ बाळ्यावरून सोलापुरात शिरतो आणि मार्केट यार्डावरून हैदराबादकडे निघून जातो. धुळ्याकडून तुळजापूरमार्गे आलेला ५२ नंबरचा महामार्ग इथूनच विजयपूरला जातो. रत्नागिरी-कोल्हापूरहून मंगळवेढ्यामार्गे येणारा १६६ नंबरचाही इथेच येऊन मिळतो. केगावहून हत्तूरकडे काढलेल्या बायपासमुळे विजयपूरकडच्या वाहतुकीचा काही भार शहराबाहेर गेला. पण कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर लागणारी ट्रकांची रांग, उसाच्या ट्रॉल्या, एसटी, खासगी बस, रिक्षा यांची वाट अजून वस्तीतूनच आहे. शिवाय जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला अशा दोन उड्डाणपुलांची चर्चा शहर वर्षानुवर्षं ऐकत आलंय.

रस्ता रुंद झाला किंवा पूल उभा राहिला की काही वर्षांनी एक वाद ठरलेला असतो. वस्तीतले लोक म्हणतात, रस्ता झाल्यापासून घरातला खोकला हटत नाही. रस्ता बांधणारे विचारतात, खोकला आधी नव्हता कशावरून? तुमच्याकडे तर घरोघरी विड्या वळतात, माग चालतात. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं आणि दोघांकडेही पुरावा नसतो, कारण काम सुरू होण्याआधी कुणी मोजलेलंच नसतं.

हे जे आधीचं मोजमाप, त्याला आरोग्याची बेसलाइन म्हणतात. त्यात दोन गोष्टी येतात: रस्त्याकडेला कोण राहतं, आणि आज त्यांची तब्येत कशी आहे. सहसा सगळा जोर दुसऱ्या गोष्टीवर असतो. शिबिर घेतलं, बीपी-शुगर तपासली, आकडे काढले, झालं. माझं म्हणणं असं की, निदान सोलापुरात तरी, पहिली गोष्ट नीट मोजल्याशिवाय दुसरीचा काही अर्थ लागत नाही.

आधी अंतर

गाड्यांच्या धुराचा त्रास शहरभर सारखा पसरत नाही. रस्त्यालगत तो सगळ्यात जास्त असतो आणि पुढे झपाट्याने उतरतो. डिझेलची काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण यांचं प्रमाण मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत वाढलेलं आढळतं. पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये ते सगळ्यात वेगाने कमी होतं. म्हणजे एकाच प्रभागात, एकाच गल्लीत, तोंडाचं घर आणि शेवटचं घर यांच्या हवेत फरक असतो. प्रभागाची सरासरी काढली की तो फरक बुडून जातो. म्हणून बेसलाइनचा नकाशा प्रभागांचा नसावा, पट्ट्यांचा असावा: रस्त्यापासून ५० मीटरच्या आतली घरं, ५० ते १५०, १५० ते ३००, ३०० ते ५००, आणि त्यापलीकडची.

धूळ मात्र वेगळी वागते. सोलापूर कमी पावसाचा भाग, आजूबाजूला काळी जमीन, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. रस्त्याच्या कडा उघड्या असल्या की प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट उठतो. हे जाडसर कण, म्हणजे पीएम १०, नाक-घशात आणि श्वासनळीत त्रास देतात. त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनच्या आतले पीएम २.५ थेट फुप्फुसाच्या खोलवर पोचतात, आणि त्यांचा संबंध हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. आपल्या राष्ट्रीय मानकात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५ आहे. डिझेलच्या धुराला याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक मर्यादेतल्या गाड्या आल्या, त्यांचा धूर कमी आहे. पण टायर, ब्रेक आणि रस्त्याची झीज यांतून उडणारी धूळ नव्या इंजिनाने थांबत नाही, आणि जुने ट्रक अजून धावत आहेतच.

हवेची राष्ट्रीय मानकं सातत्याने न पाळली गेलेल्या शहरांच्या केंद्राच्या यादीत सोलापूर आहे आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात त्याचा समावेश आहे. शहरात हवा मोजणारी केंद्रंही आहेत. मात्र चार-दोन केंद्रांवरून शहराचं एकूण चित्र कळतं. हैदराबाद रोडवरच्या एखाद्या घराच्या ओट्यावर काय हवा आहे, ते कळत नाही. त्यासाठी त्या त्या पट्ट्यात, निदान हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, काही दिवस यंत्र लावून बसावं लागतं. हिवाळा मुद्दाम म्हणतोय. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर जात नाही. तीच वेळ मुलांच्या सकाळच्या शाळेची.

कोण राहतं, ही साधी गोष्ट नाही

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ साठी ठरली आहे. तोवर एखाद्या वस्तीत किती माणसं, किती मुलं, किती म्हातारी हे विचारलं की उत्तर दीड दशक जुनं येतं. दरम्यान शहराच्या कडेला केवढी माणसं सरकली! कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली, पुढे रे नगर उभं राहिलं. तिथल्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. २०११ च्या यादीत हे रे नगर कुठून सापडणार?

त्यामुळे बेसलाइनसाठी घरोघरी मोजणीच लागते. किती माणसं एवढं पुरत नाही. वय लागतं, कारण लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि म्हाताऱ्यांचं हृदय आधीच थकलेलं असतं. घर भाड्याचं की मालकीचं हे लागतं, कारण भाडेकरू दोन वर्षांत जागा बदलतो आणि आजारी पडून गेलेला माणूस नंतरच्या पाहणीत दिसतच नाही. इथे किती वर्षं राहता, हे तर लागतंच. कालपरवा राहायला आलेल्याच्या जुन्या दम्याचं खापर या रस्त्यावर फोडता येत नाही. घरात स्वयंपाक गॅसवर की चुलीवर, घर किती खोल्यांचं, खिडकी रस्त्याकडे उघडते का, कुणी तंबाखू-विडी ओढतं का, हेही विचारावं लागतं.

आणि काम. सोलापुरात हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या वर ठेवायला हवा.

शहराच्या पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ, भवानी पेठ ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत, यंत्रमाग आहेत. चादर आणि टॉवेल इथून जगभर जातात. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली समाज या धंद्याचा कणा आहे. त्याच घरांतल्या बायका विड्या वळतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं आणि वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या. तंबाखूची बारीक भुकटी नाकातोंडात जाते, हातांतून अंगात मुरते. मागावरच्या माणसाच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं कापसाची धूळ जाते. त्यातून श्वास कोंडण्याचा एक आजार होतो, आणि मागाच्या खडखडाटाने ऐकू येणं कमी होतं.

आता याच घरासमोरून हायवे जातो. पंचेचाळिशीच्या बाईला धाप लागते. रस्ता, तंबाखू, शेजारच्या खोलीतला माग की सगळंच मिळून? डोळ्यांनी बघून हे कुणीच सांगू शकत नाही. अभ्यासक या गुंत्याला गोंधळात टाकणारे घटक म्हणतात, आणि तो सोडवायची पद्धत तशी साधी आहे: सारख्याशी सारखं ताडून बघायचं. रस्त्याजवळच्या विडी कामगार बायका आणि रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आतल्या विडी कामगार बायका. काम तेच, वय तेच, घरही साधारण तसंच. बदलतं ते अंतर. दोन गटांत धाप लागण्याचं प्रमाण वेगळं आलं, तर रस्त्याकडे बोट दाखवायला आधार मिळतो. सारखंच आलं, तर कामाकडे आधी बघायला हवं, आणि तेही कळणं तितकंच मोलाचं आहे. मात्र पाहणीत काम विचारलंच नसेल, तर हे ताडून बघणं नंतर कुणालाही जमणार नाही. म्हणूनच "व्यवसाय: गृहिणी" असं लिहून पुढे सरकणारी पाहणी मला सगळ्यात जास्त खटकते. विड्या वळणारी कितीतरी बाई त्या एका शब्दाखाली गडप होते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घराचं रस्त्यापासूनचं अंतर म्हणजे त्या माणसाला लागणारा धूर, असं आपण धरून चालतो. विड्या वळणाऱ्या बाईच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, कारण ती दिवसाचे बहुतेक तास त्याच घरात, बहुतेकदा दारातच, उजेडाला बसलेली असते. तिच्या नवऱ्याच्या बाबतीत खरं नाही. तो पाळीला मागावर असतो, किंवा रिक्षा घेऊन दिवसभर शहरभर. शाळकरी मुलाचे पाच-सहा तास शाळेत जातात, मग शाळा हायवेपासून किती लांब आहे तेही मोजायला हवं. एकाच घरातल्या चौघांचा धूर चार प्रकारचा असतो.

आजार कसा विचारायचा

"तुम्हाला दमा आहे का?" असा प्रश्न विचारला की उत्तर डॉक्टर किती जवळ आहे यावर ठरतं. ज्याला परवडतं तो तपासून घेतो आणि हो म्हणतो. ज्याला परवडत नाही तो म्हणतो, दमा नाही हो, थंडीत जरा छातीत भरतं. कागदावर मग बंगल्यांच्या कॉलनीत दमा जास्त आणि झोपडपट्टीत कमी असं उलटं चित्र उमटतं. बीपी आणि मधुमेहाचंही तसंच. तपासलंच नाही, तर आजार "नाही" असा नोंदला जातो.

यावर तोडगा असा की निदान न विचारता लक्षण विचारायचं. गेल्या बारा महिन्यांत श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? रात्री खोकल्याने जाग आली का? जिना चढताना बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? हे प्रश्न सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत, आणि त्या त्या घरातल्या बोलण्याच्या ढंगात विचारावे लागतील. शक्य असेल तिथे विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं. बीपी दोनदा घ्यायचं, साखर तपासायची, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद बघायची आणि बायकांचं हिमोग्लोबिन काढायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. रक्त कमी असलं तरी धाप लागतेच, त्यामुळे धाप मोजायची असेल तर रक्तही मोजायला हवं.

सिव्हिल हॉस्पिटलची आकडेवारी आहे की, मग घरोघरी कशाला, असं कुणी म्हणेल. सिव्हिलमध्ये सगळ्या जिल्ह्यातून, धाराशिवकडून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. तिथे दम्याचे किती रुग्ण आले हे कळतं. कितींपैकी आले हे कळत नाही. आणि हायवेकाठचा माणूस बऱ्याचदा गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई घेऊन कामावर गेलेला असतो, तो कुठल्याच सरकारी वहीत नसतो. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आणि आशाताई यांच्याकडची माहिती जास्त कामाची आहे, कारण ती ठरावीक वस्तीची असते.

आवाजाचं तसं थोडक्यात सांगता येतं. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचं माप वेगळं चालतं: १० ने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. रात्री झोपमोड होत राहिली की त्याचा परिणाम रक्तदाबावर होतो. म्हणून झोपेचा प्रश्न बीपीच्या शेजारीच विचारायचा. अपघातांची नोंदही बेसलाइनमध्ये हवी. रस्ता ओलांडून रेशनला, शाळेला, दवाखान्यात किती जण जातात आणि कुठून ओलांडतात, हे गल्लीतल्या बायका नकाशावर बोट ठेवून सांगतात.

वयाने फसवणारा आकडा

एक हिशेब करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या वस्तीचे नाहीत. रस्त्याकडेला १,००० लोकांची वस्ती आहे, तिथे साठीच्या पुढचे १०० जण. आतल्या बाजूला तेवढीच दुसरी वस्ती, तिथे साठीच्या पुढचे २००. रस्त्याकडेच्या वस्तीत १४० जणांना बीपी निघालं, आतल्या वस्तीत १५४ जणांना. म्हणजे १४ टक्के आणि १५.४ टक्के. बातमी होईल: रस्त्याकडेचे लोक ठणठणीत.

आता वयाप्रमाणे फोडू. रस्त्याकडेला साठीच्या आतल्या ९०० पैकी ९० जणांना बीपी, म्हणजे १० टक्के; आत ८०० पैकी ६४, म्हणजे ८ टक्के. साठीच्या पुढे रस्त्याकडेला १०० पैकी ५०, निम्मे. आत २०० पैकी ९०, म्हणजे ४५ टक्के. दोन्ही वयांत रस्त्याकडेचे लोकच जास्त आजारी आहेत. आतल्या वस्तीचा एकूण आकडा फुगला तो तिथे म्हातारी माणसं दुप्पट आहेत म्हणून. दोन्ही वस्त्यांत म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखं, म्हणजे १५ टक्के असतं तर काय झालं असतं, हे काढलं की रस्त्याकडेला १६ टक्के आणि आत सुमारे साडेतेरा येतात. चित्र उलटलं. एवढ्या एका कारणासाठी तरी वय विचारल्याशिवाय केलेलं आरोग्य शिबिर मी बेसलाइन मानत नाही.

दुसरा धोका छोट्या आकड्यांचा. दोन हजारांच्या वस्तीत एका वर्षी हृदयविकाराचे चार झटके, पुढच्या वर्षी सात. पाऊणपट वाढ झाली म्हणून आरडाओरड करता येते, पण एवढ्या कमी आकड्यांत असा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. क्वचित होणाऱ्या आजारांसाठी बरीच माणसं आणि बरीच वर्षं लागतात. सारखे होणारे त्रास, म्हणजे खोकला, शिट्टी, रात्रीची झोपमोड, वाढलेलं बीपी, यांचा फरक काही हजार लोकांतही दिसू शकतो. वस्तीच्या पाहणीने म्हणून यांच्यावर भर द्यावा. कर्करोगाचा निवाडा दोन वर्षांत मागू नये.

आणि तुलनेची वस्ती नीट निवडावी. हैदराबाद रोडच्या कडेची घरं जुळे सोलापूरच्या आतल्या कॉलन्यांशी ताडली, तर फरक पगाराचा, घराचा आणि जेवणाचाही निघेल, आणि तो सगळा रस्त्याच्या नावावर जाईल. असं झालं की पुढच्या सुनावणीत एखादा हुशार वकील तो अहवाल दहा मिनिटांत उडवून लावतो, आणि वस्तीचं खरं गाऱ्हाणंही त्याच्यासोबत उडतं.

पुलाचा खांब उभा राहण्याआधी

पर्यावरण परिणाम अहवालाची सोय २००६ च्या अधिसूचनेने आहे. मोठ्या महामार्गांना ती लागू होते. शहरातल्या आखूड पुलाला ती लागू होईलच असं नाही. अहवाल झाला, तरी त्यात हवा, पाणी, आवाज, झाडं यांची पानं भरलेली असतात आणि माणसांच्या तब्येतीचा भाग तोकडा राहतो. म्हणून मागणी वस्तीकडून यायला हवी, आणि ती नेमकी हवी. पूल किंवा रुंदीकरण जाहीर झालं की काम सुरू होण्याआधीचा एक हिवाळा आणि एक उन्हाळा मोजा. पट्ट्यांप्रमाणे मोजा. कामाचा रकाना नीट भरा. नंतर त्याच लोकांना, त्याच महिन्यांत, त्याच प्रश्नांनी पुन्हा विचारा. जानेवारीत मोजलेल्या खोकल्याची तुलना जुलैतल्या खोकल्याशी करून काही हाती लागत नाही. मधल्या काळात जे वस्ती सोडून गेले त्यांचीही नोंद ठेवा, आणि का गेले तेही लिहा.

हे काम करू शकणारी माणसं शहरात आहेत. डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकणारी मुलं आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, महापालिकेच्या आशाताई आहेत, आणि विडी कामगारांच्या संघटना तर घराघरात पोचलेल्या आहेत. पाहणीला दारात आलेल्या माणसाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. माझं नाव आणि माझा आजार दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही ना? विमा कंपनी, घरमालक आणि कारखान्याचा मालक, तिघांच्याही नाही ना? आणि निकाल मला सांगणार का? ज्या बाईचं बीपी १७० निघालं, तिला त्याच दिवशी तोंडाने सांगून चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायला हवं. अहवाल छापून यायला वर्ष लागतं. तिचं औषध तेवढं थांबू शकत नाही.